‘बहुधा ग्रुप टू’

गौरीजेवणाच्या दिवशी आमच्या फ्लोअरवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना गौरी ठाऊक नसतात, त्यामुळे चार्ट, म्हणजे पेशंटच्या फाइली, मात्र नेहमीइतकेच आले होते. माझी रजा आधी मंजूर झाली होती, मग दोन दिवस आधी ‘प्लीज, एवढ्या वेळी’ म्हणून परत घेतली गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या पुरण वाटत राहिल्या, जरा जास्तच जोरात. दीडची शिफ्ट, खराडीपर्यंतचा रस्ता, म्हणजे नैवेद्य दाखवायच्या आतच निघावं लागलं. नैवेद्याआधी डबा भरायचा नाही, हे तर मीच लेकीला शिकवलेलं. तेव्हा सोळा भाज्यांचा वास नाकात घेऊन उपाशीच ऑफिसला गेले.

मी मेडिकल कोडर आहे. कराडला बी. फार्म. केलं, एक वर्ष मेडिकलच्या दुकानात काढलं, मग पुण्यात येऊन हे शिकले. आई नातेवाइकांना सांगते, ‘हॉस्पिटलात आहे.’ बाबा सांगतात, ‘अमेरिकेची बिलं करते.’ दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत. पेशंट तिकडे घरी गेला की त्याची फाइल आमच्या स्क्रीनवर येते. दोनशे-तीनशे पानं सहज असतात. ती वाचायची आणि डॉक्टरांनी नोंदवलेल्या प्रत्येक आजाराला आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेतल्या आजारांच्या कोडयादीतला कोड लावायचा. त्या कोडांवर विमा कंपनी पैसे देते. फोन लॉकरमध्ये, आत कागद-पेनसुद्धा न्यायचं नाही. आमच्याकडे दिवसाला चौदा चार्ट आणि अचूकता ९५ टक्के, हे दोन आकडे झोपेतही आठवतात.

त्या दिवशीचा चौथा चार्ट एका पन्नाशीच्या बाईंचा होता. (वय आणि इतर खुणा मी इथे बदलल्या आहेत.) धाप, पायांना सूज, सात दिवस ॲडमिट. मी नेहमी आधी डिस्चार्ज समरी उघडते. पहिली ओळ एकदम नीट होती: अक्यूट ऑन क्रॉनिक राइट हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूचं जुनं दुखणं एकदम बळावलेलं. कोड आय ५०.८१३. असं स्पष्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना हात जोडावेसे वाटतात. दुसरी ओळ: ‘पल्मनरी हायपरटेन्शन, लाइकली डब्ल्यूएचओ ग्रुप टू.’

या ‘लाइकली’ची गंमत सांगायला हवी. पेशंट ॲडमिट असेल आणि डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी ‘प्रोबेबल’, ‘सस्पेक्टेड’, ‘लाइकली’ असं काही लिहिलं असेल, तर तो आजार आहेच असं धरून आम्ही कोड लावतो. ओपीडीच्या चार्टमध्ये बरोबर उलटं: तिथे ‘बहुधा’ला काडीची किंमत नाही, लक्षणाचा कोड लावायचा आणि गप्प बसायचं. म्हणजे माझ्यापुढे सरळ रस्ता होता. ग्रुप टू म्हणजे आय २७.२२, हृदयाच्या डाव्या बाजूच्या आजारामुळे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत वाढलेला दाब. नियमात बसतंय, कुठलाही ऑडिटर बोट ठेवू शकणार नाही. वीस मिनिटांत चार्ट हातावेगळा झाला असता.

तो झाला नाही याला कारण माझी एक जुनी चूक आहे, आणि त्या चुकीला कारण आमचे मामा.

मामांना लहानपणी सांधेताप आला होता. त्यात झडप खराब झाली, पण ते कळलं चाळिशीत, उसाच्या फडात धाप लागून खाली बसले तेव्हा. त्यांची फाइल म्हणजे साडीच्या दुकानाची पिशवी. त्यातला एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, कागद मी बी. फार्म.ला असताना इतक्यांदा वाचला होता की पाठ झाला: सिव्हिअर एमएस (मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे आकसलेली झडप), सिव्हिअर पीएएच. आपल्याकडे एकोवर पल्मनरी हायपरटेन्शन दिसलं की सर्रास ‘पीएएच’ लिहितात. माइल्ड पीएएच, मॉडरेट पीएएच. कुठल्याही गावच्या एको सेंटरचा कागद काढून बघा. त्यामुळे माझ्या डोक्यात पीएएच आणि पल्मनरी हायपरटेन्शन हे एकाच गोष्टीचे दोन उच्चार होते.

ते तसे नाहीत. मधला ‘ए’ म्हणजे आर्टेरिअल, आणि त्या एका अक्षराने आजार बदलतो. पीएएच हा ग्रुप वन: बिघाड फुप्फुसाच्या बारीक धमन्यांतच. मामांचा बिघाड डाव्या बाजूच्या झडपेत होता. रक्त पुढे सरकेना म्हणून मागे फुप्फुसात दाब तुंबला. नळाचं पाणी मोरीत तुंबलं तर नळ बदलून काय उपयोग? मामांची झडप फुग्याने मोकळी केली आणि दाब उतरला. तो ग्रुप टू. फुप्फुसाच्या आजारामुळे किंवा ऑक्सिजन कमी पडल्यामुळे झालेला तो थ्री. रक्ताच्या जुन्या गुठळ्या वाहिन्यांत तशाच अडकून राहिल्या तर फोर. बाकीचं सगळं फाइव्हमध्ये.

कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी माझ्याकडे मायट्रल स्टेनोसिसचा एक चार्ट आला. डॉक्टरांनी नुसतं ‘पल्मनरी एचटीएन’ (म्हणजे हायपरटेन्शन) लिहिलं होतं, एकोच्या रिपोर्टमध्ये कुणीतरी ‘पीएएच’ म्हटलं होतं. मी ठोकून दिला आय २७.२१, म्हणजे ग्रुप वन. ऑडिटरने एका कोडात दोन चुका काढल्या. एक, आजार चुकीचा. दोन, आजार रिपोर्टवरून उचलला. उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसं कुठेच म्हटलेलं नव्हतं. ॲडमिट पेशंटच्या चार्टमध्ये रिपोर्टातला निष्कर्ष कितीही ठळक असला तरी डॉक्टरांनी तो स्वतःच्या नोटमध्ये घेतल्याशिवाय आम्हाला तो आजार म्हणून दिसत नाही. दिसला तरी दिसत नाही. साधं ब्लडप्रेशर आणि हार्ट फेल्युअर एका फाइलमध्ये असलं, तर दोघांचा संबंध गाइडलाइनच आपणहून धरते. पल्मनरी हायपरटेन्शन आणि त्याचं कारण यांत ती सूट नाही. ‘ड्यू टू’ डॉक्टरनेच म्हणायचं. झडप आकसलेली आहे आणि दाबही आहे, मग यामुळेच तो झाला असणार, हे माझ्या मामांच्या बाबतीत घरातल्या पोराला कळत होतं, पण मला आय २७.२० लावून डॉक्टरांना विचारायला हवं होतं.

तेव्हापासून पल्मनरी हायपरटेन्शन दिसलं की मी फाइल पहिल्या पानापासून वाचते. टार्गेट बोंबलतं, पण वाचते.

तर या बाईंची फाइल. पहिल्या दिवशीचा एको: उजवा कप्पा मोठा, त्यातला दाब (आरव्हीएसपी) ७४, डाव्या बाजूला ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन (डावा कप्पा नीट सैल होत नाही, पण सौम्य), लेफ्ट एट्रिअम, म्हणजे डावीकडचा वरचा कप्पा, किंचित मोठं. दुसऱ्या दिवशीच्या नोटमध्ये हॉस्पिटलिस्टने, म्हणजे वॉर्डातल्या पेशंटचे उपचार बघणाऱ्या डॉक्टरने, त्या डिसफंक्शनवरून लिहिलं, ‘लाइकली ग्रुप टू’. त्या दिवशी ते म्हणणं वाजवीच होतं. पन्नाशीनंतरच्या किती एकोंमध्ये ग्रेड वन लिहिलेलं असतं! तिसऱ्या दिवशी फुप्फुसांचा डॉक्टर, पल्मोनॉलॉजिस्ट, येऊन गेला. त्याच्या नोटमध्ये एक ओळ होती जी आधीच्या कुणीच धड लिहिली नव्हती: तीन वर्षांपूर्वी पल्मनरी एम्बोलिझम (फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी), तेव्हापासून वॉरफरिन, रक्त पातळ करायची गोळी. खाली फक्त, ‘व्ही-क्यू स्कॅन, राइट हार्ट कॅथ.’ निदान काहीच नाही.

चौथ्या दिवशी व्ही-क्यू. यात फुप्फुसात हवा कुठे पोचते आणि रक्त कुठे पोचतं याची दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवतात. बाईंच्या रिपोर्टमध्ये दोन्ही फुप्फुसांत अनेक जागा अशा होत्या, जिथे हवा जात होती आणि रक्त जात नव्हतं. पाचव्या दिवशी कॅथ, म्हणजे नळी हृदयाच्या उजव्या बाजूपर्यंत नेऊन आतला दाब मोजणं. पानाच्या मध्यावर आकडे: मीन पीए प्रेशर (फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब) ४६, वेज (डाव्या बाजूच्या दाबाचा अंदाज) १०, कार्डिअॅक आउटपुट (हृदय मिनिटाला किती लिटर रक्त ढकलतं ते) ३.६.

मी ते आकडे दोनदा वाचले. डाव्या बाजूचा बिघाड असता तर वेज प्रेशर चढलेलं हवं, १५ च्या वर. इथे १०. सेहेचाळिसातून दहा गेले छत्तीस, भागिले ३.६: बरोबर १० वुड युनिट. दोनच्या वर गेलं तरी वाहिन्यांतला अडथळा जास्त मानतात. (आणि मीन प्रेशर? १९७३ साली जिनिव्हाला डब्ल्यूएचओची बैठक झाली तेव्हापासून २५ ची रेघ होती, ती २०१८ मध्ये २० वर आणली. ती बैठकही घ्यावी लागली होती एका वजन उतरवायच्या गोळीमुळे. ॲमिनोरेक्स. साठच्या दशकात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, पश्चिम जर्मनीत ती खाणाऱ्यांत हा आजार एकदम वाढला. फार्मसीवाल्यांना असल्या गोष्टी लक्षात राहतात.)

जुनी गुठळी, तीन वर्षं रक्त पातळ करायची गोळी, व्ही-क्यूत रक्ताविना जागा, वेज नॉर्मल. कुठल्याही क्लासच्या पुस्तकातलं सीटीईपीएच, म्हणजे जुन्या गुठळ्यांमुळे फुप्फुसात वाढलेला दाब. ग्रुप फोर, आय २७.२४. सहाव्या आणि सातव्या दिवशीच्या नोट वाचायला घेतल्या. दोन्हींत दुसऱ्या दिवशीची ओळ जशीच्या तशी: ‘लाइकली ग्रुप टू.’ तिकडच्या सॉफ्टवेअरमध्ये कालची नोट आजच्या तारखेला पुढे ओढता येते. ती ओढत ओढत डिस्चार्ज समरीपर्यंत पोचली होती. पल्मोनॉलॉजिस्टची दुसरी नोट फाइलमध्ये नव्हतीच. घरी जाताना दिलेल्या कागदावर लघवीच्या गोळीचा वाढवलेला डोस, मीठ कमी, आणि दोन आठवड्यांनी फॅमिली डॉक्टरकडे.

ग्रुप फोर ओळखता आला तर पुढे एक दार उघडं असतं, म्हणून मला चैन पडेना. या पाच ग्रुपांत फुप्फुसाच्या वाहिन्यांवरच ऑपरेशन करून बरा होण्याची शक्यता असलेला तोच. छाती उघडून, अंगाचं तापमान वीस अंशांच्या आसपास उतरवून, काही मिनिटं रक्ताभिसरण पूर्ण थांबवून वाहिन्यांच्या आतलं जुनं अस्तर सोलून काढतात. सॅन डिएगोच्या विद्यापीठ रुग्णालयात अशी हजारो ऑपरेशनं झाली आहेत. ज्यांना ऑपरेशन झेपत नाही त्यांच्यासाठी रिओसिग्वॅट हे औषध आहे, २०१३ पासून. ग्रुप टूच्या पेशंटला यातलं काहीही देत नाहीत.

हे सगळं मला कळत होतं आणि यातलं एक अक्षरही मला कोड करता येत नव्हतं. मी डॉक्टर नाही.

टीएलकडे, म्हणजे टीम लीडरकडे, गेले. ती बीएएमएस आहे, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि चारपट शांत. तिने स्क्रीन बघितली.

“अगं, बावीस नियमात बसतोय ना?”

“बसतोय. पण वेज दहा आहे.”

“ग्रूपर चालवलास?”

चालवला होता. ग्रूपर म्हणजे कोडांवरून बिलाचा गट, डीआरजी, काढणारं सॉफ्टवेअर. २७.२२ लावा की २७.२४, डीआरजी तोच. हॉस्पिटलला मिळणाऱ्या पैशांत एका डॉलरचा फरक नव्हता.

“मग? क्वेरी टाकलीस की चार्ट होल्डवर जाणार. तिकडून विचारणार, बिल का अडकलंय. आज फ्लोअरवर अकरा जण आहोत.”

मी काहीच बोलले नाही. हे मी सासूबाईंकडून शिकले आहे. तिने परत स्क्रीनकडे बघितलं, कॅथच्या आकड्यांवर कर्सर फिरवला, मग म्हणाली, “टाक. पण मला दाखवून.”

क्वेरी म्हणजे डॉक्टरला लेखी प्रश्न. आमची क्वेरी आधी तिकडच्या सीडीआय, म्हणजे नोंदी तपासणाऱ्या, नर्सकडे जाते आणि मग डॉक्टरकडे. मी तावातावाने लिहिली. विषय: ‘सीटीईपीएचबाबत खुलासा’. मजकुराचा मराठी अर्थ असा: ‘व्ही-क्यू आणि कॅथचे निष्कर्ष सीटीईपीएचशी जुळतात. कृपया डिस्चार्ज समरी दुरुस्त करावी.’

पाच मिनिटांत परत आली. टीएल स्वतः उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

“हे विचारतेयस की सांगतेयस?”

“सांगतेय,” मी कबूल केलं.

“विषयातच उत्तर लिहिलंयस. आणि एकोतलं डायस्टॉलिक डिसफंक्शन कुठंय? लेफ्ट एट्रिअम? तुझ्या बाजूचं तेवढं ठेवलंस. वकील आहेस का?”

हे मला लागलं, कारण ते खरं होतं. मी ती दोन वाक्यं मुद्दाम गाळली होती. डॉक्टरला उगाच परत डावीकडे जायला निमित्त नको, असा माझा हिशेब होता. पण त्या डॉक्टरने ‘ग्रुप टू’ हवेतून काढलं नव्हतं, त्याच दोन वाक्यांवरून काढलं होतं. ती गाळून प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्याकडून माझं उत्तर वदवून घेणं. उद्या दुसऱ्या एखाद्या चार्टमध्ये मी चुकीची असेन आणि डॉक्टर घाईत माझ्या क्वेरीखाली सही करेल. मग फाइलमध्ये जो आजार उमटेल तो कुणाचा?

दुसऱ्यांदा लिहायला पाऊण तास लागला. विषय फक्त: ‘पल्मनरी हायपरटेन्शन’. खाली, कुठल्या तारखेच्या कुठल्या पानावर काय आहे ते, एकोतल्या डाव्या बाजूच्या दोन्ही नोंदींसकट: समरीतलं ‘लाइकली ग्रुप टू’, एको, तीन वर्षांपूर्वीचा एम्बोलिझम आणि वॉरफरिन, व्ही-क्यूचा निष्कर्ष रेडिऑलॉजिस्टच्याच शब्दांत, कॅथचे तीन आकडे. भागाकार नाही. तो मी केलेला, फाइलमध्ये नव्हता. मग प्रश्न: ‘आपल्या वैद्यकीय मतानुसार या पेशंटच्या पल्मनरी हायपरटेन्शनचा प्रकार किंवा कारण नोंदवता येईल का?’ पर्याय ग्रुपांच्या क्रमाने, म्हणजे टू आधी आणि फोर नंतर. शेवटी ‘इतर’ आणि ‘सांगता येत नाही’. एम्बोलिझमबद्दल वेगळा प्रश्न: तो आता इतिहासजमा, की क्रॉनिक? कारण फाइलमध्ये ‘हिस्टरी ऑफ पीई’ होतं. त्याचा कोड झेड ८६.७११, क्रॉनिक असेल तर आय २७.८२. पैशांचा उल्लेख क्वेरीत कुठेच करायचा नसतो. या वेळी करण्यासारखा नव्हताही.

सव्वाचारला पाठवली. तिकडे पहाटेचे पावणेसात. पुढचे चार्ट घेतले. उत्तर सहसा त्याच दिवशी येत नाही, कधी कधी आठवडा जातो, कधी डॉक्टर ‘सांगता येत नाही’वर खूण करून मोकळा होतो. त्याचंही काही चुकत नाही म्हणा, त्याच्या दारात शंभर पेशंट. पाठोपाठचे दोन चार्ट गुडघ्यांचे होते, एक न्यूमोनियाचा. सात वाजता कँटीनमध्ये गेले तर तिथे काय, तर पाव-भाजी. समोर बसलेली नवीन मुलगी विचारत होती की एका आजीबाईंच्या यादीत सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) कसं, चुकून आलंय का. तिच्या शेजारचे दोघं पोरं हसत होते. म्हटलं, वीस मिलिग्रॅम तीन वेळा आहे ना? मग ते फुप्फुसाच्या दाबासाठी. आणि नुसत्या औषधावरून ग्रुप वन लावून बसू नकोस, मी बसलेले आहे.

नऊ चाळीसला होल्डच्या यादीत त्या चार्टपुढे हिरवी खूण आली.

डॉक्टरने ग्रुप फोरवर खूण केली होती, दुसऱ्या प्रश्नात क्रॉनिकवर. तेवढं पुरलं असतं, पण त्याने डिस्चार्ज समरीला चार ओळींची पुरवणी जोडली होती. साधारण असं: क्रॉनिक थ्रोम्बोएम्बॉलिक पल्मनरी हायपरटेन्शन, ग्रुप फोर, व्ही-क्यू आणि कॅथनुसार. आधीची ग्रुप टूची नोंद जुन्या नोटमधून चुकून पुढे आली. पेशंटशी फोनवर बोलणं झालं. ऑपरेशनच्या विचारासाठी सीटीईपीएच सेंटरकडे रेफरल आज पाठवला.

‘आज’ या शब्दावर माझी नजर बराच वेळ अडकली. पल्मोनॉलॉजिस्टला आधीच माहीत असेल, त्याच्या ओपीडीतून ते पुढे गेलंच असतं, हेही शक्य आहे. मला कळायला मार्ग नाही. चार्ट बंद झाला की पेशंट आमच्यासाठी संपतो, पुढचं पान आम्हाला उघडतसुद्धा नाही.

आय २७.२२ काढला, २७.२४ लावला. झेड ८६.७११ काढला, २७.८२ लावला. एकूण सोळा कोड. फायनल केला. टीएलने तिच्या जागेवरून अंगठा दाखवला आणि लगेच दुसऱ्या हाताने घड्याळ. माझे त्या दिवशी अकरा चार्ट झाले, चौदाच्या जागी. घरी पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. ओट्यावर ताट झाकून ठेवलेलं होतं, पुरणपोळीवर तूप थिजलेलं. सासूबाई जाग्याच होत्या. “कुणाचं एवढं अडलं होतं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एका बाईंचं.

दोन आठवड्यांनी नेमका तोच चार्ट ऑडिटला निघाला. क्वेरीबद्दल ऑडिटरने ‘वेल रिटन’ असा शेरा दिला. खाली एक चूक: झेड ७९.०१ राहिला आहे. दीर्घकाळ रक्त पातळ करायच्या औषधावर असल्याचा कोड. वॉरफरिन. मीच क्वेरीत लिहिलेलं, तारखेसकट, पान क्रमांकासकट. सतरापैकी सोळा बरोबर, ९४.१२ टक्के. ९५ च्या खाली, चार्ट फेल. रिबटलसाठी, म्हणजे ऑडिटवर आक्षेप घ्यायला, अठ्ठेचाळीस तास असतात. मी टाकलं नाही, ऑडिटरचं बरोबर होतं.